मालाची जहाजे अडली की

साथीत किती माणसे दगावली यावरून सरकार जागे होते, असे आपण गृहीत धरतो. इतिहास तसे सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात पटकीने लाखो माणसे नेली, कोकणही सुटले नाही; तरी इंग्रज सरकारने जहाजांवरच्या क्वारंटीनला सतत विरोध केला. पटकी त्या-त्या जागच्या दूषित हवेतून उपजते, असे सरकारी मत होते. १८८४ मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉखने कलकत्त्याच्या तळ्यात तिचा जंतू दाखवला, तरी ते हलले नाही. सुएझमार्गे जाणारा माल अडणे परवडणारे नव्हते, आणि शास्त्र सोयीने वाकवता येते.

मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मुंबईत मांडवीला तो ओळखला. आता युरोपची बंदरेच हिंदी मालाला दारे लावू पाहत होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच महिन्याच्या ४ तारखेला इथे साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. पण रोह्याच्या कुंडलिका खाडीतून मुंबईला निघालेल्या मचव्यापासून आगगाडीच्या डब्यापर्यंत कुणाचीही तपासणी करायला पुरेसा. वरसेसारख्या खाडीकाठच्या गावाला सरकार दिसले ते असे, औषधाआधी झडतीच्या रूपात.

कुणी म्हणेल, प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, म्हणून उपाय सुचले. पण क्षयाचा जंतू १८८२ पासून ठाऊक होता, आणि राष्ट्रीय क्षय कार्यक्रम आला १९६२ मध्ये. हिवतापाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वतंत्र भारतात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोक तापाने पडत, आठ लाख मरत. १९५३ मध्ये कार्यक्रम सुरू झाला. इथे मृत्यू मोजले गेले, हे खरे. मात्र ते आधीही होतच होते. नवे होते ते स्वस्त डीडीटी, अमेरिकेची मदत आणि धान्य पिकवायला धडधाकट मजुरांची गरज. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले, तशी फवारणी ढिली पडली. १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगने पन्नासेक माणसे गेली, परदेशांनी विमाने थांबवली आणि दिल्ली खडबडून उठली. क्षयाने त्याच वर्षी लाखो गेले, पण त्यांच्यासाठी एकही विमान थांबले नाही.