पदनाम, लिंग आणि व्यक्ती : राजकारण व अंतराळयात्रा या क्षेत्रांतील शब्दव्यवहार

नामाचे व्याकरणिक लिंग आणि त्या नामाने निर्दिष्ट होणाऱ्या व्यक्तीचे लिंग यांत विसंवाद संभवतो, ही गोष्ट मराठी व्याकरणकारांना अपरिचित नाही. मात्र अधिकारपदे जोवर पुरुषांकडेच होती, तोवर पदनामांच्या बाबतीत हा विसंवाद प्रकट होण्याचा प्रसंग क्वचितच आला. १९६६ साली इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, तेव्हाही ‘पंतप्रधान’ या शब्दाने अडचण केली नाही. ‘पंतप्रधान म्हणाल्या’ एवढ्या क्रियापदाच्या रूपाने काम भागले. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदी निवडून आल्या आणि वाद उद्भवला तो ‘पती’ या उत्तरपदामुळे.

संस्कृतात ‘पति’ म्हणजे पालन करणारा, स्वामी. पाणिनीने ‘पत्नी’ हे रूप यज्ञाशी असलेल्या संबंधाच्या अर्थी सिद्ध केले आहे. परंतु ‘पति’ हा शब्द समासाच्या अंती आला असता स्त्रीवाचक रूपात हा बदल वैकल्पिक ठरविला. घराची स्वामिनी ही म्हणून ‘गृहपत्नी’ही होय आणि ‘गृहपति’ही होय. या न्यायाने स्त्रीस ‘राष्ट्रपती’ म्हणण्यास अडीच हजार वर्षांपूर्वीच मुभा मिळालेली आहे. मराठीत मात्र सुटा ‘पती’ म्हणजे नवराच. त्यामुळे जुना सामासिक अर्थ श्रोत्याच्या मनात सहज जागा होत नाही. जुलै २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांच्यासंबंधी बोलताना विरोधी पक्षाच्या एका नेत्याच्या तोंडून ‘राष्ट्रपत्नी’ हा शब्द गेला, लोकसभेत गदारोळ झाला आणि पुढे लेखी दिलगिरी व्यक्त करण्यात आली. व्याकरणदृष्ट्या साधणारे रूप व्यवहारात अवमानकारक ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याचे कारण ‘-ईण’ प्रत्ययाच्या इतिहासात सापडते. पाटलीण ही पाटलाची बायको, सुभेदारीण ही सुभेदाराची. पद पुरुषाचे, आणि स्त्रीला त्याची केवळ छाया. ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे स्वतः वैद्यकी करणारी की डॉक्टरांची पत्नी, हे आजही संदर्भावाचून कळत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांना राखून ठेवल्या, तेव्हा भाषेने उलट दिशेने एक शब्द घडविला : ‘सरपंचपती’. येथे ‘पती’ म्हणजे नवरा. पण कारभारही त्याच्याच हाती, असे हा शब्द सुचवितो. ‘राष्ट्रपती’तला स्वामी आणि ‘सरपंचपती’तला नवरा एकाच उत्तरपदात किती सहज मिसळतात! इंदिरा गांधींना प्रथम ‘गुंगी गुडिया’, पुढे १९७१च्या युद्धानंतर ‘दुर्गा’, आणि लोकप्रवादानुसार ‘मंत्रिमंडळातील एकमेव पुरुष’ अशी संबोधने मिळाली. बाहुली, देवता, पुरुष : तिन्हींत राज्यकर्ती स्त्री ही साधी वस्तुस्थिती गाळली गेली आहे.

अंतराळयात्रेच्या शब्दसृष्टीत हीच प्रवृत्ती दिसते. सोव्हिएत यात्रिकांना उड्डाणासाठी सांकेतिक नावे असत. तितोव्ह हा गरुड, निकोलायेव्ह बहिरी ससाणा, बिकोव्हस्की शिक्रा. हे सारे शिकारी पक्षी, आणि रशियन भाषेत पुल्लिंगी. जून १९६३ मध्ये व्हालेंतिना तेरेश्कोव्हा यांस मिळाले ‘चाइका’, म्हणजे समुद्रपक्षी कुरव, शब्द स्त्रीलिंगी. त्यांनी ४८ प्रदक्षिणा केल्या व सुमारे ७१ तास अवकाशात काढले. तोपर्यंतच्या सर्व अमेरिकन यात्रिकांचा एकत्रित काळही याहून कमी होता. तथापि दुसरी स्त्री, स्वेतलाना साविट्स्काया, अवकाशात जाण्यास १९८२ साल उजाडावे लागले. आणि साल्यूत-७ स्थानकात तिचे स्वागत झाले ते स्वयंपाकाच्या एप्रनने.

अमेरिकेत अडथळा शब्दाचा नव्हता, अटीचा होता. उमेदवार जेट विमानांचा चाचणी-वैमानिक असावा, ही अट वरवर लिंगनिरपेक्ष. पण लष्करी चाचणी-वैमानिकांच्या शाळांत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. जुलै १९६२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे हा प्रश्न आला. स्त्रिया या क्षेत्रात नाहीत हे आपल्या समाजव्यवस्थेचे वास्तव आहे, अशा आशयाची साक्ष अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी दिली. सॅली राइड यांना १९८३च्या उड्डाणापूर्वी वार्ताहरांनी विचारले की, काही बिघडले तर त्या रडतात काय. हा प्रश्न सहप्रवाशांना का विचारीत नाहीत, असे त्यांनी उलट विचारले. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी एकत्र करावयाचे अवकाशचलन मध्यम मापाचा एकच पोशाख सज्ज असल्यामुळे लांबले. ते ऑक्टोबरमध्ये पार पडले.

मराठीत ‘अंतराळवीर’ हा शब्द रूढ आहे व त्यास ‘महिला’ हे विशेषण चिकटते. ‘अंतराळवीरांगना’ क्वचित वाचावयास मिळतो. पण त्यात स्त्रीच्या शौर्याचे जितके कौतुक आहे, तितकेच तिच्या अपवादात्मकतेचेही. त्यामानाने ‘अंतराळयात्री’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो. २००७ साली पेगी व्हिटसन आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या कमांडर झाल्या, तेव्हा कोणास ‘कमांडरीण’ असे लिहावेसे वाटले नाही. स्थानकात कमांडरच्या पत्नीसाठी निराळे नाव राखून ठेवण्याची गरजच कधी पडली नव्हती.