नव्या परिचारिकेची पहिली नोकरी

परिचारिकांची उणीव आहे अशी ओरड जिकडे तिकडे ऐकूं येत असतांना, नुकतीच नोंदणी झालेली परिचारिका मात्र महिनोन्महिने नोकरीवांचून घरीं बसून राहते. ही गोष्ट प्रथमदर्शनीं विसंगत वाटते; परंतु तिचीं कारणें गूढ नाहींत.

रमाबाई रानडे यांच्या प्रयत्नानें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें आणि पुढें तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण घेऊं लागल्या, तेव्हांचा प्रश्न निराळा होता. कुलीन घरच्या बाईनें परक्या रोग्याची शुश्रूषा करावी काय, हीच त्या काळची मुख्य शंका. ती शंका आतां बहुतेक मावळली आहे. मुली आपण होऊन ह्या व्यवसायाकडे वळतात, मुलगेहि वळतात. तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी पुरी करावी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या पटावर नांव नोंदवावें, आणि मग नोकरीस लागावें, असा सरळ मार्ग त्यांच्या डोळ्यांपुढें असतो. अडचण येते ती ह्या शेवटच्या पायरीवर.

मुलाखतींत पहिलाच प्रश्न येतो, "अनुभव किती?" शिकत असतांना तिनें वॉर्डांत दिवसपाळी केलेली असते, रात्रपाळी केलेली असते, पण तें शिक्षण, अनुभव नव्हे. नोकरी नाहीं म्हणून अनुभव नाहीं, आणि अनुभव नाहीं म्हणून नोकरी नाहीं! रुग्णालयाच्या बाजूनें पाहतां ह्यांत कांहीं अर्थ आहे, हें कबूल केलें पाहिजे. नव्या मुलीबरोबर पहिले कांहीं आठवडे एक जाणती परिचारिका उभी ठेवावी लागते. सर्वसाधारण रुग्णालयांत पांच रोग्यांमागें एक परिचारिका असावी असें भारतीय परिचर्या परिषदेचें प्रमाण सांगतें. जेथें एकटीच वीस रोगी सांभाळते, तेथें नवखीला शिकविण्यास मोकळी बाई आणावी कोठून? म्हणजे ज्या उणीवेमुळें तिची गरज आहे, तीच उणीव तिला दारांतून परत पाठविते.

मग ती मिळेल तें काम पत्करते. बहुधा तें एखाद्या दहापंधरा खाटांच्या खासगी दवाखान्यांत असतें. येथेंच तिनें फार सावध राहावयास हवें. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें देशभरच्या आपल्या रुग्णालयांसाठीं २०२० पासून जी सामायिक परीक्षा सुरू केली, तिच्या नियमांत पदवीधर मुलीस अनुभवाची अट नव्हती. परंतु पदविकाधारक मुलीस, पदविकेनंतर निदान पन्नास खाटांच्या रुग्णालयांत दोन वर्षें काम केल्याचा दाखला हवा होता. लहान दवाखान्यांत काढलेलीं दोन वर्षें ह्या हिशेबांत शून्य! कितीएक मुलींना हें अर्ज भरतांना प्रथम कळतें, आणि तोंवर वडिलांनीं काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. म्हणून रुजू होण्यापूर्वींच खाटांची संख्या विचारावी. आणि सोडतांना दाखल्यावर ती संख्या, वॉर्डाचें नांव, व रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिहून घ्यावी.

पगाराची कथा ह्याहून दुःखद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीनें पन्नासांहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतहि दरमहा निदान २०,००० रुपये द्यावे, आणि दोनशेंहून अधिक खाटा असल्यास सरकारी परिचारिकेइतकें वेतन द्यावें, अशी शिफारस केली. पण शिफारस ती शिफारसच. तिची अंमलबजावणी राज्यांकडे. गरजू मुलगी हा आंकडा तोंडांतून काढीत नाहीं, कारण तिच्यामागें आणखी दहा जणी रांगेंत उभ्या असतात. कांहीं ठिकाणीं तर मूळ प्रमाणपत्रें कपाटांत ठेवून घेतात आणि वर्षा-दोन वर्षांचा करार लिहून घेतात. नकला द्याव्या, मूळ कागद दाखवून परत घ्यावे. तें देण्यास नकार मिळाला तर त्या नोकरीचा मोह टाकलेला बरा.

सरकारी अधिपरिचारिकेची जागा सर्वांत सुरक्षित, पण जाहिरात येईल तेव्हां खरी. तोंवर राष्ट्रीय आरोग्य अभियानांतील कंत्राटी काम, मुदतीचें असलें तरी, वाईट नव्हे. निदान तेथील दाखला सरकारी असतो.

आणखी एक गोष्ट शहरांतील घरांशीं निगडित आहे. म्हातारे वडील अंथरुणास खिळले कीं एखाद्या ब्यूरोकडून 'सिस्टर' मागविली जाते. ती पांढरा कोट घालून येते, सुई टोंचते, नळी बदलते. परंतु तिचें नांव परिषदेच्या पटावर आहे काय, हें शंभरांत एखादें घर विचारीत असेल. ब्यूरोस ती स्वस्त पडते, आणि तीन वर्षें शिकलेली मुलगी तेथेंहि मागें राहते. नोंदणीचा क्रमांक विचारण्यास एक मिनिटहि लागत नाहीं.