घरचा समुद्र आणि त्याचा राखणदार

पुणें हें सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर वसलेलें शहर. अशा ठिकाणीं दिवाणखान्यांतील कांचेच्या टाकींत प्रवाळ जगविणें म्हणजे ओंजळभर समुद्र घरीं आणून तो बदलूं न देण्याची जबाबदारी पत्करणें होय. खरा समुद्र अफाट असल्यामुळें त्याचें तापमान व खारटपणा सावकाश बदलतात. २०० लिटरांच्या टाकीस ती सवलत नाहीं. पुण्यांत वैशाखांतल्या दुपारीं पारा चाळिशीकडे धांव घेतो, तर थंडीच्या पहाटे तो कधीं दहाच्याही खालीं उतरतो. प्रवाळास मात्र साधारण २४ ते २७ अंशांचें पाणी मानवतें. पाणी फार तापलें कीं प्रवाळाच्या शरीरांत राहून त्यास अन्न पुरविणारीं सूक्ष्म शैवलें बाहेर टाकलीं जातात, प्रवाळ पांढरें पडतें, आणि तशी स्थिति टिकली तर तें मरतें.

यंत्राचा विचार करण्यापूर्वीं कायद्याचा करावा. भारतीय समुद्रांतील कठीण प्रवाळांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें संरक्षण आहे. मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून तीं उचलून आणणें हा गुन्हा ठरतो. परदेशांतून येणाऱ्या कठीण प्रवाळांसही रीतसर परवाने लागतात. विक्रेता कागदपत्रें दाखवूं शकत नसेल, तर प्रवाळाचा मोह सोडून समुद्री माशांवरच समाधान मानणें शहाणपणाचें.

आतां राखणदाराकडे वळूं. स्वयंचलित नियंत्रकाचें काम तीन प्रकारचें असतें. त्याचे सेन्सर पाण्याचें तापमान, आम्लता, खारटपणा इत्यादि मोजतात; त्याचा मेंदू हे आंकडे ठरविलेल्या मर्यादेशीं ताडून पाहतो; आणि मग तो हीटर, पंखा, पंप यांचे प्लग चालू-बंद करून धन्याच्या फोनवर निरोप धाडतो. केवळ तापमान सांभाळणारीं छोटीं साधनें आहेत, तशींच अपेक्स, प्रोफिलक्स, हायड्रॉस यांसारखीं सर्वांगीण यंत्रेंही आहेत. हौशी कारागीर रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर ‘रीफ-पाय’ ही मुक्त आज्ञावली चालवून स्वतःचा नियंत्रक जुळवितात.

यांपैकीं निवडावा कोणता? पुष्कळजण यंत्र काय काय करतें याची यादी पाहतात. खरी परीक्षा निराळी आहे : यंत्र बिघडलें म्हणजे काय होतें?

हीटरचें उदाहरण घ्या. नियंत्रकांतील रिले ‘चालू’ स्थितींत चिकटून बसला आणि ३०० वॅटचा हीटर अखंड तापत राहिला, तर २०० लिटर पाणी तासाला सुमारें सव्वा अंश तापूं शकतें. कांहीं उष्णता हवेंत गेली तरी एका रात्रींत सर्वनाश होण्यास तेवढें पुरेसें आहे. म्हणून एका मोठ्या हीटरऐवजीं १०० वॅटचे दोन घ्यावे, आणि प्रत्येकाचा स्वतःचा थर्मोस्टॅट नियंत्रकाच्या मर्यादेहून एक अंश वर लावून ठेवावा. एक पहारेकरी झोंपला तरी दुसरा जागा राहतो.

पाण्याचेंही तसेंच. टाकींतून वाफ होऊन जातें तें निव्वळ पाणी. मीठ मागेंच राहतें. लिटरास ३५ ग्रॅम या हिशेबानें २०० लिटरांत सात किलो मीठ असतें. दहा लिटर पाणी उडून गेलें कीं हेंच प्रमाण सुमारें ३७ होतें. ही तूट आपोआप भरणारा पंप अडकून चालूच राहिला तर उलटा अनर्थ होतो. यास्तव गोड्या पाण्याचें भांडें दहा लिटरांहून मोठें ठेवूं नये. तें सगळें टाकींत गेलें तरी प्रमाण ३३ च्या आसपासच राहील. मोठें भांडें सोयीचें खरें, पण तेंच घातक.

वीज गेली तर नियंत्रकही मुका होतो. म्हणून नियंत्रक, पाणी खेळविणारा पंप आणि घरचें वाय-फाय हीं तिन्ही इन्व्हर्टरवर असावींत. हीटर त्यावर नसला तरी कांहीं तास चालतें, परंतु पाण्याची हालचाल थांबली कीं प्राणवायु घटूं लागतो. मेंदूशीं संपर्क तुटल्यास प्रत्येक प्लगनें कोणती स्थिति घ्यावी हें आधींच ठरवितां येतें कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं विचारावें : पंप चालू राहावा, हीटर बंद व्हावा.

शेवटीं हिशेब. यंत्र २३० व्होल्टांचें असावें आणि त्याचे सुटे भाग येथें मिळावेत. आम्लतेचा सेन्सर ठराविक काळानें प्रमाणद्रवांत बुडवून जुळवावा लागतो व कालांतरानें बदलावाही लागतो. तो खर्च किंमतीच्या पाटीवर लिहिलेला नसतो. नवशिक्यानें तापमान व पाण्याची पातळी एवढ्यावरच प्रारंभ करावा आणि उरलेले पैसे दुसऱ्या पंपासाठीं राखून ठेवावेत. शिवाय साधा कांचेचा थर्मामीटर टाकीस लावून तो रोज सकाळीं पाहावा. त्याचा आंकडा नियंत्रकाच्या आंकड्याशीं जुळेनासा झाला, तर दोहोंपैकीं कोण चुकतो आहे हें त्याच दिवशीं शोधावें.