वर्दी, भूमिका आणि माणूस

‘खुर्ची मिळाली की माणूस बदलतो’, असे आपण सहज म्हणून जातो. या समजुतीला शास्त्राचा आधार म्हणून एकच प्रयोग वारंवार सांगितला जातो. ऑगस्ट १९७१मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात फिलिप झिम्बार्डो यांनी लुटुपुटूचा तुरुंग उभारला. २४ निरोगी तरुण निवडले. कैदी कोण आणि पहारेकरी कोण, हे नाणे उडवून ठरले. पहारेकऱ्यांनी कैद्यांचा असा छळ मांडला की दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांतच गुंडाळावा लागला. निष्कर्ष निघाला : माणूस मुळात वाईट नसतो, भूमिका त्याला वाईट करते.

पुढच्या संशोधनाने मात्र या निष्कर्षाला तडा गेला. तिबो ल तेक्सिए या फ्रेंच संशोधकाने मूळ कागदपत्रे आणि ध्वनिफिती तपासल्या. पहारेकऱ्यांना कसे वागायचे याच्या सूचना होत्या; सौम्य वागणाऱ्या एकाला ‘कडक हो’ म्हणून समजावलेही गेले होते. ब्रिटनमध्ये हॅस्लम आणि रायकर यांनी बीबीसीसाठी असाच प्रयोग केला, तेव्हा पहारेकरी भूमिकेत शिरलेच नाहीत. उलट, कैद्यांनी एकजूट करून त्यांची सत्ता उलथवली. म्हणजे वर्दी आपोआप अंगात भिनत नाही. ‘हे वागणे योग्य आहे, आपल्या कार्यासाठी आहे’, असे कोणीतरी पटवून द्यावे लागते.

याची दुसरी बाजू आपल्याच मातीत दिसते. १९३९मध्ये औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राजवटीत, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसले. तुरुंग खरा, पण भिंतींवाचून. शिक्षा झालेला माणूस तेथे बायकामुलांसह राहणार, शेत कसणार. ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून आणि शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधून (१९५७) ही कल्पना देशभर पोचली. ही वसाहत पुढे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आली.

येथे माणसाला ‘कैदी’ या एकाच भूमिकेत कोंडले नाही. शेतकरी, नवरा, बाप या त्याच्या जुन्या भूमिका त्याला परत दिल्या. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण चांगल्या गुणांनाही लागू पडते. अर्थात, खुल्या वसाहतीत पाठवायचे कैदी आधी पारखून घेतले जातात. त्यामुळे सारे श्रेय जागेला देता येणार नाही. पण विश्वास टाकल्यावर माणूस त्याला जागू शकतो, एवढे तरी स्वतंत्रपूर दाखवते.

मी राहतो त्या पनवेल तालुक्यात तळोजा कारागृह आहे. भारतातील तुरुंगांत दर चार जणांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी असतात. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे, भूमिका मात्र आधीच मिळालेली आहे. म्हणून ‘भूमिका माणसाला बिघडवते का’ यापेक्षा ‘ती कोण देतो आणि काय सांगून देतो’, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते भिंतीबाहेरच्या आपणच द्यायचे आहे.