निंबावरची गुळवेल आणि वॉर्डातली नोंद

२०२० च्या पावसाळ्यात, करोनाच्या साथीत, आमच्या जुन्या शहरातल्या गल्लीतली, निंबावर चढलेली गुळवेल मुळापर्यंत ओरबाडली गेली. कोणी बोटभर तुकडा उकळला, कोणी मूठभर. काढा किती दिवस घ्यायचा, घेणाऱ्याला आधीचा कोणता आजार आहे, हे कोणी कोणाला विचारलं नाही. मीही नाही.

हे प्रश्न मुंबईत फार आधी विचारले गेले होते. परळच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी गुळवेल प्रयोगशाळेत नेली. मराठी वाचक डहाणूकरांना ‘फुलवा’, ‘हिरवाई’मुळे ओळखतो, पण झाडांवर जीव असलेल्या या बाईंनी झाडाला परीक्षेत सूट दिली नाही, हे मला त्यांच्या पुस्तकांइतकंच मोलाचं वाटतं. आधी उंदरांना अर्क दिला, मग त्यांच्या पोटात जंतुसंसर्ग घडवून आणला आणि कोण तगतं ते पाहिलं. मात्र उंदीर तगला म्हणून माणूस तगेलच असं नाही. प्राण्यांवर काम करणाऱ्याची वही जिथं संपते, तिथं वॉर्डातल्या डॉक्टरची सुरू होते.

तो वॉर्ड शल्यचिकित्सेचा होता. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतू पसरून दगावत. डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. रवी बापट (‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ लिहिणारे), डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार. दुसऱ्याला सोबत गुळवेल, वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांत जंतुदोषाची लक्षणं दिसली, दुसऱ्यात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्यात ९२.४ टक्के होतं.

पण त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे. यकृताचं काम दोन्ही गटांत सारखंच राहिलं. म्हणजे गुळवेलीनं कावीळ बरी केली नव्हती. जंतू गिळणाऱ्या, मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना तिनं पुन्हा कामाला लावलं होतं. काढ्याचा प्रचार करणाऱ्यांनी ही ओळ नेमकी गाळली. ३० रुग्ण ही सुरुवात होती, परवाना नव्हे.

पुढचा अध्याय २०२१ चा. मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: वनस्पती नक्की कोणती, हे तपासलेलं नाही, तिच्यासारखी दुसरीही असू शकते. आक्षेप रास्त होता. २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. अनेकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी दिसत होती. जो गुण केईएमच्या खाटेवर तारक ठरला, तोच दुसऱ्या शरीरात घातक ठरू शकतो. म्हणून रुग्ण निवडून, मात्रा मोजून, शेवटपर्यंत पाठपुरावा करणारा माणूस लागतो.

कधी प्रयोगशाळेपासून वॉर्डापर्यंतचा हा प्रवास उलटा, खाटेपासून सुरू होतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशानं हृदय कसं कोलमडतं, याची लक्षणं रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून टिपली. १९८२ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि १९८६ साली रक्तदाबाच्या प्राझोसिन या जुन्याच गोळीचा उपयोग. ते तिथं थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष जोडलं तर आणखी लाभ होतो का, हे त्यांनी ७० रुग्णांवर पडताळलं. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: प्रतिविष आणि गोळी घेणाऱ्या ३५ पैकी ३२, नुसती गोळी घेणाऱ्या ३५ पैकी ८. जी गोळी आपणच पुढे आणली, तिला पुन्हा कसोटीला लावायला मोठं मन लागतं.

भारतात २००९ पासून रुग्णांवरच्या अशा चाचण्यांची सरकारी नोंद सक्तीची आहे. चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या नियमांत चाचणीत इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. कागद आहेत, रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगणारा माणूस मात्र तालुक्या-तालुक्यात हवा.

यंदा आमच्या निंबावर वेल पुन्हा चढली आहे. शेजारच्या काकू तुकडा मागायला आल्या.

“काकू, आधी सांगा, तुमच्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत?”

“थांब बापा, पिशवीच आणतो,” म्हणत त्या घरात गेल्या.