अर्थार्जन आणि अध्ययन

खिशात पैसा नाही, एवढ्याच कारणास्तव कोणा होतकरू मुलाचे शिक्षण खुंटू नये, या निष्ठेने कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. आणि पुढे १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणातही त्यांनी रुजविले. विद्यार्थ्याने अंगमेहनत करावी आणि त्या मेहनतीच्या बळावर ताठ मानेने शिकावे, अशी ही तजवीज होती. तिचे मर्म असे की, काम देणारी आणि विद्या देणारी संस्था एकच असल्यामुळे परीक्षा केव्हा आहे आणि काम केव्हा आवरते घ्यावे, हे दोन्ही तिला ठाऊक असे.

त्याच सुमारास, १९४६ मध्ये, मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने दुसरी वाट चोखाळली. नोकरीच्या वेळा बदलणे विद्यार्थ्याच्या हाती नसते, हे ओळखून तेथे सकाळचे वर्ग भरविण्यात आले. साताऱ्यात काम विद्यालयाच्या आवारात आले, मुंबईत विद्यालयाने नोकरीच्या वेळेशी जुळवून घेतले; मात्र मेळ घालण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याच्या शिरावर दोन्हीकडे टाकली नव्हती.

आज ही जबाबदारी बहुतांशी त्याच्याच शिरावर येते, म्हणून तासांचा हिशेब नीट मांडला पाहिजे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षभराचे अध्ययन ४० श्रेयांकांचे, म्हणजे १२०० तासांचे असते, आणि त्यात वर्गाबरोबर प्रयोग व स्वाध्यायही धरलेले असतात. प्रत्येक सत्राच्या वाट्याला ६०० तास येतात. सत्र पंधरा आठवड्यांचे धरल्यास आठवड्याला ४० तास. यात २० तासांची नोकरी मिळविली तर बेरीज ६० होते, ती कष्टाने का होईना, निभावते. परंतु नोकरीही ४० तासांची झाली, तर आठ तासांची झोप वजा जाता प्रवास, जेवणखाण आणि विश्रांती यांसाठी दिवसाला जेमतेम साडेचार तास उरतात. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना पदवीच्या सत्रकाळात सामान्यतः आठवड्याला २० तासच कामाची मुभा असते. तेथे गेलेल्या आपल्या मुलांनाही हीच मर्यादा लागू असते.

तथापि किती तास, याइतकाच कोणते तास हा प्रश्न महत्त्वाचा आहे. घरपोच सेवेचे किंवा दुकानातील काम सायंकाळी व सणासुदीला वाढते, आणि आपल्याकडे हिवाळी सत्राच्या परीक्षाही बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतात. वेळ निश्चित असेल तर थकलेला विद्यार्थीही अभ्यासाची घडी बसवू शकतो. उद्याची पाळी आज रात्री कळत असेल, तर त्याचा निर्धार कितीही दृढ असला तरी वेळापत्रक टिकत नाही.

म्हणून काम स्वीकारताना विद्यार्थ्याने वेतनाआधी पाळीची निश्चिती आणि परीक्षाकाळातील रजा यांविषयी विचारावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालते. अशा योजनांत अधिक जागा आणि पुरेसे मानधन यांची तरतूद व्हावी. श्रम करून शिकणारा विद्यार्थी समाजाकडे दया मागत नाही. त्याचे श्रम अध्ययनास मारक ठरू नयेत, एवढी व्यवस्था मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ती उभारणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे.