भिडेचा बाजार : घरगुती पाक-प्रात्यक्षिके आणि त्यांतली विक्री



मागच्या व्याख्यानानंतर एका भगिनींनी आमच्याकडे चिठ्ठी पाठवली होती. वेळ संपली होती, म्हणून ती वाचायची राहिली. चिठ्ठीचा आशय असा : त्यांची सून महिन्यातून दोन-तीनदा कुणाच्या तरी घरी जाते, जमलेल्या बायकांना चार पदार्थ करून दाखवते आणि ज्या भांड्यांत ते केले ती भांडी विकते. यात चोरी नाही, लबाडी नाही. पण "पुढचा कार्यक्रम आपल्याच घरी ठेवू या, आई" असं ती म्हणाली, तेव्हा यांना अवघडल्यासारखं झालं. का झालं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

प्रश्न साधा वाटतो, पण नीतिशास्त्रातले बरेच प्रश्न असेच सुरू होतात. सगळं नियमाला धरून असतं, तरी मन अडखळतं. आज आपण तो अडखळा कुठे आहे ते शोधू.

आधी हा व्यवहार चालतो कसा ते पाहू. यात तीन बाजू असतात. पहिली प्रात्यक्षिक करणारी. ती कंपनीची नोकर नसते, विक्रीवर कमिशन मिळवते. दुसरी यजमानीण, ती घर देते, आपल्या ओळखीच्या बायकांना बोलावते, आणि त्या दिवशी एकूण जेवढी विक्री होईल त्या मानाने तिला एखादी वस्तू फुकट किंवा सवलतीत मिळते. तिसऱ्या पाहुण्या. त्या येतात, बघतात, खातात आणि ऑर्डर देतात. शिवाय त्यांच्यातल्याच एक-दोघींनी "पुढच्या महिन्यात माझ्याकडे" म्हणावं अशी अपेक्षा असते. ती साखळी तुटली की धंदा थांबतो.

ही पद्धत अमेरिकेत वाढली. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचे विक्रेते लोकांच्या घरी जाऊन अख्खं जेवण रांधून दाखवत. १९३१ साली स्थापन झालेल्या स्टॅनली होम प्रॉडक्ट्स या कंपनीने घरगुती मेळाव्यांतून विक्रीची रीत चांगलीच रुजवली. ब्राउनी वाइज नावाची एक बाई तिथेच विक्री शिकली. त्याच सुमारास अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे दुकानांत पडून होते. त्यांचं झाकण दाबून, आतली हवा काढून लावायचं असतं, हे गिऱ्हाइकाला कळत नव्हतं. वाइज आणि तिच्यासारख्या विक्रेत्या मात्र हेच डबे घरोघरच्या मेळाव्यांत भराभर खपवत होत्या. झाकण कसं लावायचं ते दाखवलं की काम फत्ते! १९५१ साली टपर यांनी माल दुकानांतून काढून घेतला आणि घरगुती विक्रीची सूत्रं वाइजच्या हाती दिली. १९५४ साली 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली स्त्री ठरली. १९५८ साली तिला कंपनीतून काढून टाकण्यात आलं, आणि त्याच वर्षी टपर यांनी कंपनी एक कोटी साठ लाख डॉलरला विकली. वाइजचा कंपनीत हिस्सा नव्हता.

निव्वळ पाककलेवर उभा राहिलेला धंदा मात्र पुढचा. डॉरिस ख्रिस्तोफर या गृहविज्ञानाच्या शिक्षिका. त्यांनी १९८० साली आयुर्विम्याच्या पॉलिसीवर तीन हजार डॉलर कर्ज काढून शिकागोजवळच्या आपल्या घरातून 'पॅम्पर्ड शेफ' सुरू केली. सुऱ्या, किसण्या, भाजायची भांडी घेऊन कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जायचं, एखादा पदार्थ करायचा, सगळ्यांनी मिळून तो खायचा आणि मग मागणी नोंदवायची. २००२ साली ही कंपनी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने घेतली. आपल्याकडे टपरवेअर १९९६ साली आली, आणि भिशी व हळदीकुंकवाची सवय असलेल्या आपल्या बायकांना ती पद्धत काही परकी वाटली नाही.

आता प्रामाणिकपणे बघू. यात चांगलं आहे, आणि ते थोडं नाही. काही वस्तू दाखवल्याशिवाय कळतच नाहीत. जिला लहान मूल सोडून नोकरीला जाता येत नाही, भांडवल नाही, दुकान नाही, तिला स्वयंपाकाच्या कौशल्यावर चार पैसे मिळतात. चार लोकांसमोर उभं राहून बोलता येऊ लागतं. ही गोष्ट आम्ही हलकी मानत नाही.

पण चार पैसे म्हणजे नेमके किती, तेही मांडून पाहावं. समजा दहा बायका आल्या. सहाजणींनी सरासरी आठशे रुपयांची खरेदी केली. विक्री झाली चार हजार आठशेची. कमिशन वीस टक्के धरलं तर नऊशे साठ. त्यातून सामानाचे साडेतीनशे आणि रिक्षाचे दीडशे वजा केले की उरले चारशे साठ. फोन करणं, बाजार, स्वयंपाक, भांडी घासणं, आठवड्याने माल घरोघर पोचवणं, असे नऊ तास धरले तर तासाला सुमारे एकावन्न रुपये पडले. आकडे आमच्या कल्पनेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण वेळ धरायला विसरू नका. बायकांच्या कामाच्या हिशेबात वेळ नेहमी गळतो.

आता मूळ प्रश्न. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुकानात गिऱ्हाईक बहुतेक वेळा अनुमानावर चालतं. प्रात्यक्षिकात प्रत्यक्ष मिळतं. थालीपीठ तव्याला चिकटलं नाही, हे डोळ्यांनी पाहिलं! पण तेवढंच पाहिलं. तोच तवा दोन वर्षांनी कसा असेल, तसाच बाजारात किती रुपयांना मिळतो, हे त्या तासाभरात दिसत नाही. तिथे आपण चौथ्या प्रमाणावर, म्हणजे शब्दावर विसंबतो.

शब्द प्रमाण मानायचा तो आप्ताचा. आप्त कोण? न्यायभाष्यकार वात्स्यायनांच्या मते, ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि जशी कळली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन अटी आहेत : माहिती आणि निखळ सांगण्याची इच्छा. गंमत बघा, मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. आप्तेष्ट म्हणतो आपण. आपल्या माणसाचा शब्द आपण आप्तवाक्य मानतो, कारण त्याला आपल्याकडून काही काढायचं नसतं. घरगुती विक्रीत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. सांगणारी आपली असते, पण तिच्या सांगण्याला कमिशन जोडलेलं असतं. ती खोटं बोलते असं आम्ही म्हणत नाही. पण दुसरी अट आता आपोआप पुरी होत नाही, हे ऐकणारीला माहीत असायला हवं.

आणि याच्याही खाली एक गोष्ट आहे, तिला मराठीत फार नेमका शब्द आहे : भीड. भीड भिकेची बहीण, असं आपले वाडवडील सांगून गेले. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत पाठवत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली दानावर प्रसिद्ध केलेल्या निबंधात हेच दाखवलं की भेट कधी एकटी येत नाही, परतफेडीचं बंधन बरोबर घेऊन येते. आता त्या खोलीत बसलेल्या पाहुणीचा विचार करा. मैत्रिणीच्या घरी आली, तिच्या हातचं सरबत प्यायली, समोर केलेला पदार्थ खाल्ला, शेजारच्या दोघींनी ऑर्डर लिहिली, आणि कागद तिच्याकडे आला. फ्रेंझन आणि डेव्हिस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९० साली अशा घरगुती विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तू आवडण्यापेक्षा यजमानिणीशी असलेलं नातं खरेदीवर जास्त प्रभाव टाकतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे त्या खोलीत डबे तर विकले जातातच, पण "नाही" म्हणण्याची अडचणही विकली जाते, आणि तिची किंमत पावतीवर लिहिलेली नसते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. नोकरीत असताना एका सहकारी बाईंच्या आग्रहावरून आम्ही घरी असाच एक कार्यक्रम ठेवला. कंपनी कुठली ते सोडून द्या. बारा-तेराजणी आल्या. आमच्या विभागातल्या शिपायाच्या पत्नीलाही आम्ही बोलावलं होतं. सगळ्यांना बोलावलं आणि तिला नाही, असं नको, हा आमचा उदार विचार! तिने डब्यांचा एक संच घेतला. आम्हाला आनंदच झाला. एकूण विक्री वाढली आणि आम्हाला झाकणाचं एक मोठं भांडं फुकट मिळालं.

दोन-तीन महिन्यांनी सहज कळलं की त्या संचाचे पैसे तिने मुलाच्या क्लासच्या फीमधून दिले होते. आम्ही तिला म्हटलं, "अहो, घ्यायलाच हवं असं थोडंच होतं?" ती म्हणाली, "बाई, तुम्ही बोलावलंत. नाही कसं म्हणणार?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. संच परत घ्यायला तिने नकार दिला, पैसेही घेतले नाहीत. ते भांडं आमच्या फडताळात अजून आहे. त्या काळात आम्ही वर्गात कांट शिकवत होतो.

कांटने १७८५ सालच्या ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. नवख्या गिऱ्हाइकाला तो जास्त भाव लावत नाही, लहान मुलालाही तोच भाव. पण हे तो कर्तव्य म्हणून करतो की धंद्याला बरं म्हणून, हा कांटचा प्रश्न. पुढे तो म्हणतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. 'केवळ' या शब्दावर विद्यार्थी नेहमी घसरतात. दुसऱ्याचा उपयोग करून घेणं पाप नाही. वाणी आपला करतो, आपण वाण्याचा करतो. प्रश्न असा की समोरच्याला मोकळेपणी नकार देता येतो का? वाण्याच्या दुकानातून आपण काही न घेता बाहेर पडू शकतो, उद्या पुन्हा जाऊ शकतो. शिपायाच्या पत्नीला आमच्या दिवाणखान्यातून तसं बाहेर पडता येत नव्हतं.

कायद्याने यातलं काही सांभाळलं आहे. आपल्याकडे २०२१ साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. पिरॅमिड योजना आणि पैसे फिरवण्याच्या योजना यांना बंदी आहे. आपण कोण, कुठल्या कंपनीचे, कशासाठी आलो, हे विक्रेत्याने सुरुवातीलाच खरं सांगायचं आहे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी जायचं नाही. हे उत्तम आहे. पण भीड कायद्याला दिसत नाही. तिची काळजी यजमानिणीनेच घ्यायला हवी.

म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्या भगिनींना आमचं सांगणं. सुनेला थांबवू नका. कार्यक्रम तुमच्या घरी जरूर ठेवा, पण काही पथ्यं पाळून. बोलावतानाच सांगा की वस्तू विक्रीला असतील. "सहज ये गं" म्हणून बोलावू नका. सुरुवातीलाच सुनेने सांगावं की मला यात कमिशन मिळतं आणि घरच्यांनाही वस्तू मिळते. ऑर्डर त्या खोलीत लिहून घेऊ नका. कागद घरी न्यावा, ज्यांना हवं त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करावा, आणि जिचा फोन आला नाही तिला कुणी विचारू नये. जिला आपल्यापुढे नाही म्हणता येणार नाही, ती कामवाली असो, भाडेकरू असो, हाताखालची असो, तिला या कार्यक्रमाला बोलावू नका. जेवायला वेगळं बोलवा. सुनेने हौसेने माल भरून ठेवू नये, आणि विकण्यापेक्षा माणसं जोडण्यात जास्त पैसा आहे असं कुणी सांगू लागलं तर तिथून उठावं. तिच्या हाताला खरंच चव असेल तर पाककृतीचा वर्गच घ्यावा, माणशी फी सांगून. फी दिलेली बाई कुणाचं देणं लागत नाही. शिकते, खाते आणि मोकळी होते.

यामुळे विक्री कमी होईल का? होईल. जेवढी कमी होईल तेवढी भिडेची होती असं समजायचं. उरेल ती तिच्या कामाची.

आणि हे नीट जमलं की नाही, ते ताडून पाहायची एकच खूण सांगतो आणि थांबतो. त्या दिवशी जिने काहीच घेतलं नाही, ती पुढच्या संक्रांतीला तुमच्याकडे हळदीकुंकवाला येते का, ते बघा. आली, आणि तुम्हालाही तिच्याकडे सरळ बघता आलं, तर सुनेचा धंदा चांगला चालला आहे.

आता चिठ्ठ्या घेऊ. आज वेळ राखून ठेवली आहे.